डोकं फिरलं असणार

येलदीच्या बायकोला मारलं त्या रात्री
पोलीस आधी आमच्या दारात आले.
विडी घरकुलात कुणीतरी सांगितलं होतं,
त्या वेड्याला विचारा.

वेडा म्हणजे माझा धाकटा भाऊ, मल्लेशम.
गोळी घेऊन झोपला होता, तोंड उघडं टाकून.
हवालदाराने डोळ्यांवर बॅटरी मारली
तर मला म्हणाला, "अक्का, सूर्य आज लवकर आला का?"

चौकीच्या बाकड्यावर दोन तास.
तळहात उलटेसुलटे करून बघितले त्याचे.
तंबाखूचा पिवळेपणा निघाला.
तो तर आमच्या अख्ख्या गल्लीच्या हातांवर आहे.

उजाडता उजाडता कळलं.
पुरुषोत्तम येलदी. बारा मागांचा मालक,
मार्कंडेयाच्या रथाचा हिशोब ज्याच्या वहीत,
टॉवेलाची किनार बोटाने चाचपून
एक धागा कमी आहे सांगणारा.
नागमणीच्या नावावरचा प्लॉट, ती सही देईना.
त्याने पोरीला आदल्या दिवशी अक्कलकोटला मावशीकडे पोचवलं,
कामगारांचा आठवडा चुकता केला, सुट्ट्या रुपयांसकट,
त्यांना लवकर घरी पाठवलं,
आणि बाराही माग चालू ठेवले.
खटाक् खटाक् खटाक्.
शेजारी म्हणाले, आम्हाला वाटलं ऑर्डर मोठी असेल.

मग सगळ्यांच्या तोंडी एकच,
नळावर, पिठाच्या गिरणीत, विडी कारखान्याच्या रांगेत :
डोकं फिरलं असणार हो.
शहाणा माणूस असं करेल का?
बोलताना मान खाली, आणि नजर तिरकी आमच्या दाराकडे.

वकिलानेही तेच लिहून दिलं.
म्हणून मंगळवारी सिव्हिलला
मल्लेशमच्या पुढे दोन नंबर सोडून येलदी बसलेला,
बेडीवर रुमाल टाकून. रुमाल इस्त्रीचा.
मल्लेशम सरकला, त्याला पंख्याखालची जागा दिली.

दार अर्धं उघडं होतं, आवाज बाहेर येत होता.
शंभरातून सात वजा करत जा, डॉक्टर म्हणाले.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर...
येलदी दोनापर्यंत गेला. कुठेच अडला नाही.
आमचा मल्लेशम दर वेळी शहाऐंशीला थांबतो
आणि विचारतो, सात कुठे जातात?

खोटं कशाला बोलू.
त्यानेही एकदा कात्री फेकली होती माझ्यावर.
कोपराजवळ खूण आहे. पदर तिच्यावरून घेते, सवय झालीय.
नंतर तीन दिवस जेवला नाही,
कुणी फेकली, कुणी फेकली, विचारत राहिला.
त्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या
आणि माझ्याकडे पैसे नव्हते.

परतताना रिक्षात म्हणाला,
"येलदीमामाला पण आवाज येतात?"
नाही रे.
"मग त्याला कुणी सांगितलं?"

मी बाहेर बघत राहिले.
ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी.

त्याला सांगितलं नाही ते इथे लिहिते.
चार वर्षांपूर्वी, वैशाखात, तो सात रात्री झोपला नव्हता.
आठव्या पहाटे कसाबसा डोळा लागला
आणि मी उशी हातात घेऊन त्याच्या उशाला उभी राहिले.
किती वेळ, माहीत नाही.
दाराला कडी घातली होती. ती मीच घातली होती.
कुणाचा आवाज नाही, भास नाही, काही नाही.
सगळं स्वच्छ दिसत होतं,
भिंतीवरचं कॅलेंडर, त्यातली तारीख,
आज हजार विड्या द्यायच्यात हेसुद्धा.
डोकं अगदी ठिकाणावर होतं माझं.

उशी का ठेवली, तेही सांगता येत नाही.
कदाचित दूधवाला आला म्हणून.

आता समोर सूप आहे, पानं भिजवलेली आहेत.
मल्लेशम दोरा धरून बसलाय, गुंता होऊ देत नाही.
मी कट्टा बांधते. पंचवीस.
सोडते, पुन्हा मोजते.