बारा चाळीसचं ऊन

सायनच्या लॅबमध्ये, तळघरात
मी दुसऱ्यांच्या अंगातलं ऊन मोजते.
नळीवर नाव, वय, बारकोड,
मशीन गुरगुरतं, आकडा पडतो:
चौदा. अकरा. साडेआठ.
वीसच्या खालचं कुणी आलं
की मनात म्हणते, ये, बस.

परवा स्वतःची नळी घातली.
सहा.
मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा घातली.
सहा पूर्णांक एक.
तो पूर्णांक एक कुठला ते मला ठाऊक आहे,
टपरीवर चहाला जाताना
रस्ता ओलांडते, तेवढा.

डिसेंबर लागला की माझं असं होतं.
डब्याचं रबर सापडत नाही, म्हणून रडू येतं.
नणंद म्हणते, मुंबईत कसली गं थंडी?
खरंय. स्वेटर अजून पेटीतच आहे.
थंडी नाहीच ही.
नळ पूर्ण सोडावा
आणि करंगळीएवढी धार यावी,
तसं काहीतरी.

घर मानखुर्दला, तिसरा मजला.
खिडकीतून हात काढला
की समोरच्या बिल्डिंगमधल्या हमीदाआपाचा गज लागतो.
ऊन सहाव्या मजल्यापर्यंत उतरतं
आणि पत्ता न सापडलेल्या कुरियरवाल्यासारखं
तिथूनच परत जातं.
खाली भर दुपारी ट्यूबलाईट.
आपाचा नातू उबैद, तीन वर्षांचा,
चालतो तेव्हा गुडघे एकमेकांना ओळख देत नाहीत.
त्याचा रिपोर्ट तिने काठीला चिमट्याने लावून
माझ्या खिडकीत सरकवला.
पाच.
मी वाचून दाखवला नाही. तिला कळला.

डॉक्टर देवरुखकर म्हणाल्या,
आठवड्याला एक पुडी, दुधातून.
आणि ऊन घ्या.
सकाळचं कोवळं ना?
नाही हो, कोवळं नुसतं दिसायला बरं.
आपली सावली आपल्याहून आखूड पडते,
ते ऊन. हातपाय उघडे ठेवून, वीस मिनिटं.

मानखुर्दात, बाईने, हातपाय उघडे.
मी मान डोलावली आणि फी दिली.

गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरी वाघधऱ्यांकडे.
कारण लिहा, म्हणाले.
'ऊन' लिहिलं तर पेन थांबवून बघत राहिले.
मग खोडून लिहिलं: गाद्या वाळवणे, नग दोन.
तेव्हा किल्ली मिळाली.

नाताळच्या आधीचा रविवार.
लिफ्ट बंद. डोक्यावर गादी, मागे आपा,
तिच्या डोक्यावर दुसरी, कडेवर उबैद.
वर पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर,
देवनारकडून सरकत आलेला धूर
आणि त्यात सूर्य, घासायची राहिलेली वाटी.
चहूकडे खिडक्या. मग गाद्या उभ्या केल्या,
टाकीच्या दोन बाजूंना दोन,
झाली खोली. छप्पर नसलेली.
आपाने बुरखा नळावर टांगला,
मी साडी गुडघ्यावर घेतली.
माझ्या पोटऱ्या मलाच अनोळखी,
पाण्यात राहिलेल्या मुळ्यासारख्या.

शिवणाची टेप आणली होती. सवयच मोजायची.
साडेअकरा: सावली माझ्याहून बोटभर मोठी.
गेले कित्येक दिवस मी असंच चालतेय,
आपल्याहून मोठं काहीतरी ओढत.
बारा: आखूड, थोडीशी.
बारा चाळीस: सात बोटं आखूड.
पुन्हा मोजली. सातच.

उबैदला तेल लावून गादीच्या सावलीबाहेर सोडला.
तो माझ्या सावलीच्या डोक्यावर जाऊन बसला
आणि तिथेच बिस्किट खाऊ लागला.

बरं वाटलं का?
नाही. इतक्यात काय वाटणार,
पुडीलासुद्धा आठ आठवडे लागतात.
कातडी चुरचुरली, घाम आला,
आपा घोरायला लागली.
मला रबर आठवलं
आणि रडू आलं नाही, एवढंच.

खालून वाघधऱ्यांची हाक:
ओ, झाल्या का गाद्या?
आपाने डोळे न उघडताच ओरडून सांगितलं,
एक बाजू बाकी है अभी.

आणि आम्ही दोघी पालथ्या झालो.