तीन पॉइंट चार

राजारामपुरी, आठवी गल्ली, दुसरा मजला.
पायऱ्या चौतीस.
ऑपरेशनआधी अकराव्या पायरीवर थांबायचो,
ऑपरेशननंतर सातव्या.
आज एकदाच थांबलो, तेही
वरून एक बाई उतरत होती म्हणून.
(शालनला हे पटलेलं नाही.)

"आज कुठला हात, काका?"
रुख्साना मुजावर दर खेपेला विचारते,
जसं काही दोन हातांत दोन रक्तं असतात.
मी डावा देतो. उजव्यावर भट्टीचा डाग आहे,
शीर त्याच्याखाली दडून बसते.
ती दोन बोटांनी टिचक्या मारते,
आम्ही निवालेल्या जॉबला ठोकून बघायचो तशा.
बद्द वाजलं की समजायचं, आत पोकळी.

एकतीस वर्षं शिरोलीत, मेल्टिंगला.
ओतायच्या आधी पळीभर लोखंड काढायचं,
बिल्ला पाडायचा, पाण्यात विझवायचा,
पळत लॅबला न्यायचा.
मशीन ठिणगी मारून सांगायचं:
कार्बन तीन पॉइंट चार, सिलिकॉन दोन.
तोवर सगळं थांबलेलं. क्रेन थांबलेली,
साचे आ वासून बसलेले.
आकडा आला की मी हात वर करायचो
आणि भट्टी वाकायची.

बिघडलं तरी घोर नव्हता.
कार्बन कमी, तर कोळशाचा चुरा.
जास्त, तर पत्र्याचं भंगार.
अगदीच हाताबाहेर गेलं
तर अख्खी हीट ओतून द्यायची, परत वितळवायची.

माझ्या उजव्या फुफ्फुसाला तीन खण होते.
वरचा काढला, गेल्या वर्षी मार्गशीर्षात.
आत वाळू निघाली का, मी विचारलं.
सर्जन म्हणाले, तसं सांगता येत नाही.
रक्तातला आकडा आधी अकरा होता.
सहा आठवड्यांनी कागद आला:
तीन पॉइंट चार.
मी हसलो. खोकला येईतोवर हसलो.
डॉक्टरांना कळेना, शालनला कळेना,
मी सवयीनं हात वर केला होता.

पुढं तीन एक. मग तीन सहा.
मग दिवाळीच्या तोंडावर चार सात.
"पाचच्या आत आहे," डॉक्टर म्हणाले,
"एका आकड्यानं काही ठरत नाही, चढ बघायचा."
चढ म्हटल्यावर मला जिनाच आठवला.
त्या रात्री शालननं फाईल तांदळाच्या डब्यामागं ठेवली.
मला माहीत आहे.
मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे.

हिंदुरावचा आकडा शेवटपर्यंत दोनच्या आत होता.
गौरी गेल्या त्याच दिवशी तोही गेला.
आणि गडहिंग्लजची ती म्हातारी,
सातावर ठाण मांडून, सहावं वर्ष चालू,
अजून सिस्टरांना पिशवीभर मिरच्या आणते
वर दम देते, डेखं काढून वाळवा म्हणून.
बिल्ला भट्टीतलाच असतो,
पण बिल्ला म्हणजे भट्टी नव्हे.
चोख बिल्ल्याच्या हीटमधून
फुटके जॉब निघालेत माझ्याच हातून.

मागच्या खेपेला रुख्सानाला एक जुना बिल्ला दिला.
रुपयाहून मोठा, हीट नंबर पंच केलेला.
"ह्याचं काय करू, काका?"
आता तो तिच्या टेबलावर असतो, पंख्याखाली,
लोकांच्या कागदांवर.

चार वाजता रिपोर्ट तयार होता,
बिल्ल्याखाली, दुमडलेला.
नाव तेवढं दिसत होतं:
बळवंत रामू सुतार, वय ५९.
शालन खाली स्कूटर लावत होती.
तिलाही चौतीसच पायऱ्या.
कागदाचं एक टोक वाऱ्यानं उठत होतं, बसत होतं.
मी बिल्ला उचलला नाही.
डाव्या कोपरात कापसाचा बोळा दाबून
तिच्या चपलांचा आवाज मोजत राहिलो,
हात खालीच.