अक्कल गुडघ्यात

बाबा गणिताचे मास्तर, संगमनेरला.
त्रिकोणाची बाजू चुकली की खडू थेट कपाळावर यायचा
आणि त्यामागोमाग ते वाक्य:
चारुलता, तुझी अक्कल गुडघ्यात.
वर्ग हसायचा.
मी गुडघे फ्रॉकखाली ओढून घ्यायचे.

पुढे लग्न, आणि वॉर्सॉ.
पोलंडमधलं नव्हे, इंडियानातलं;
मका, तळी, आणि निम्म्या गावाची नोकरी
माणसांचे सांधे घडवण्याची.
एकतीस वर्षं मी तपासणीच्या टेबलाशी उभी,
कोबाल्ट-क्रोमचे गुडघे दिव्याखाली फिरवत.
ओरखडा दिसला की बाजूला.
कुणाच्या पायात जाणार, कधी कळलं नाही.
उभं राहून राहून माझेच झिजले,
तेवढं कळलं.

डॉक्टर स्टट्झमननी आधी नकाशा काढला,
माझ्याच गुडघ्याचा, डोंगरदऱ्यांसकट.
त्यांच्या हाताला यंत्राचा हात जोडलेला.
आखलेल्या रेषेपलीकडे तो जात नाही,
ढकलला तरी अडतो.
बाबांना आवडला असता.
असा विद्यार्थी त्यांना कधी मिळाला नाही.

सकाळी सहाला गेले, दुपारी चारला घरी,
वॉकर धरून, स्वतःच्या पायांनी.
नडगीच्या हाडात आता बोटाएवढा दांडा आहे,
त्याच्या पोटात बॅटरी.
किती चालले, केवढं पाऊल टाकलं,
मोजून ठेवतो,
रात्री उशाजवळच्या डब्याला सांगतो,
डबा डॉक्टरांना.

म्हणजे बाबा, तुमचंच खरं झालं.
पंचावन्न वर्षं उशिरा, एवढंच.

पंधरवड्यात चुगल्या सुरू.
नर्स लोरेटाचा फोन: काल कमी चाललात.
मी म्हटलं, बर्फ होता.
बर्फ नव्हता. मालिका होती.
गुडघ्याला ठाऊक होतं, तो गप्प बसला,
त्याला कारणं कळत नाहीत.

मग एका मंगळवारी
निशिकांतने फोनवर फोटो पाठवला.
ट्रंक आवरताना सापडलं, ताई, बघ, बाबांचंच ना?
एक्स-रे. कोपऱ्यात पांढऱ्या शाईत सन एकाहत्तर.
दोन्ही गुडघे.
मी फोन दिव्याखाली धरला, सवयीने.
हाडावर हाड.
मध्ये कागद सरकवायला जागा नाही.

एकतीस वर्षांत इतका वाईट माल
माझ्या टेबलावर आला नव्हता.

फळ्याला पाठ लावून उभे राहायचे,
आम्हाला वाटायचं, रुबाब.
बाकापर्यंत कधी आले नाहीत.
खडू यायचा.

किती अंतर असेल फळ्यापासून
माझ्या तिसऱ्या बाकापर्यंत?
दिवसभर खुर्चीत तेच मांडत बसले.
रात्री उठून पॅसेजमध्ये चालून पाहिलं,
कपाटाला फळा धरून.
माझ्या पायांनी नऊ.
त्यांना सात लागली असती.

सकाळी लोरेटा:
काल फक्त त्रेचाळीस पावलं! पडलात का? दुखतंय का?
गुडघा नाही, मी म्हटलं.
ती थांबली. मागे कुणीतरी टाइप करत होतं.
मग म्हणाली, आज निदान पाचशे करा.

करते म्हटलं.
त्या त्रेचाळिसातली नऊ कशाची,
ते तिने विचारलं नाही,
आणि डब्यात तसा रकाना नाही.