सुरगाठ

सकाळी सात वाजता बाबा झेंड्याची घडी घालतात
डायनिंग टेबलावर, खाली स्वच्छ चादर अंथरून.
आत मूठभर झेंडूच्या पाकळ्या.
गुलाब नको, पांढऱ्यावर डाग पडतो, हा त्यांचा अनुभव.
मग घडीवर घडी, आणि शेवटी दोरीची ती सुरगाठ
जी घणसोलीतल्या आमच्या एकशेबारा फ्लॅटांत
फक्त हसुराम केणींना येते.
होडी खुंट्याला बांधायची गाठ ती,
खाडी इथवर यायची तेव्हाची.

चेअरमन आदल्या रात्री फोन करतात,
"काका, तुमच्याशिवाय आपला झेंडा उघडत नाही."
बाबांना ते आवडतं.
शेत कुठं होतं विचारलं तर ते
बी विंगच्या पार्किंगपासून क्लब हाऊसपर्यंत हात फिरवतात,
पंप रूमपाशी जरा थांबून.
मोबदल्याचा आकडा सांगताना अजून हसतात.
मोर्च्यात लाठी बसली तो खांदा डावा.
दोरी ते उजव्या हातानं ओढतात.
"राग सरकारचा गो. झेंड्यानी काय केलाय?"

इतकं सोपं मला जमत नाही.

मला ऑक्टोबरची मीटिंग आठवते, याच क्लब हाऊसमधली.
विषय क्रमांक चार : सातशेदोनचा भाडेकरू.
तहसीन मॅडम. माझ्या ओवीला गणित शिकवतात,
अपूर्णांक दिसला की रडणारी मुलगी
त्यांच्यामुळे आता नुसती कपाळाला आठी घालते.
कुणी वाईट बोललं नाही. खरंच.
"तशी माणसं चांगलीच असतात, पण," एवढंच,
आणि त्या पणनंतर चहा आला.
हात वर करा म्हणाले तेव्हा मी केला नाही.
विरोधात कोण, असं कुणी विचारलंच नाही,
हे मी घरी येऊन सांगितलं. दोनदा.

मॅडम आता मुंब्र्याला राहतात.
ओवीचा तास मोबाईलवर होतो.

सव्वाआठ. थंडी म्हणावी इतपत हवा.
भाऊ उलव्याहून आलाय, वहिनीच्या हातात तिरंगी बांगड्या.
मी रोजचीच निळी कुर्ती घातलीय, मुद्दाम,
आणि ते मुद्दाम आहे हे कुणाला कळलं नाही म्हणून जराशी खट्टू.
रात्रपाळी संपलेल्या बिजॉयला
सलामीसाठी थांबवून घेतलंय.
चेअरमन त्यागावर बोलतात. माइक मधेच शिट्टी मारतो.
मी हसते, थोडीशी.

बाबा दोरी ओढतात.
गाठ सुटत नाही.

पुन्हा ओढतात.
सगळ्यांच्या माना वर, कुणाचं तरी बाळ तेवढं रडतंय.
बाबा एकोणऐंशीचे. मी त्यांच्या बोटांकडे बघते,
काल चहाच्या कपावरही ती थरथरत होती.
निरगाठ पडली असणार.
आणि माझ्या तोंडून निघतं, सुट गं, सुट गं बाई,
कुणाला म्हणते मी कोण जाणे.
बाबांचा डावा खांदा पुढे येतो. दोन्ही हात. एक हिसका.

पाकळ्या चेअरमनच्या टकलावर.

राष्ट्रगीत मी शेजारणीपेक्षा मोठ्यानं म्हणते.
मधेच घसा दाटतो,
आणि त्या दाटण्यावर माझा विश्वास नाही.

घरी किलोभर जिलेबी, भाऊ रांगेत उभा राहून आणतो दरवर्षी.
"तुला एवढं वावडं, तर खातेस कशाला?"
मी दुसरी उचलते. गरम आहे.
फोन वाजतो. तहसीन मॅडम.
त्यांच्या इमारतीची गच्ची, वीसेक मुलं, वाऱ्यावर झेंडा,
एका टोकाला जरा लोंबलेला.
*ओवीला सांगा, आज गृहपाठ नाही.*

बाबा चष्मा लावून फोटो मोठा करतात.
"गाठ चुकलीय. कोन हाय ही?
बोलव तिला. दाखवतो."

आई भांडी विसळतेय. कुणी काही बोलत नाही.
मी फोन परत घेते,
उत्तर लिहायला अंगठा टेकवते.
बोटभर पाक लागलाय,
स्क्रीन मला ओळखत नाही.