मांजराची वाळू

सीडर रॅपिड्समध्ये एप्रिल उशिरा पोचतो.
बर्फ जातं आणि त्याखाली दडलेलं सगळं
एकेक करून हजेरी लावतं:
कुणाचा तरी एक हातमोजा, कुत्र्यांचे प्रताप,
आणि ड्राइव्हवेवरचा तो डाग,
थाळीएवढा, काळा, कडेला जरासा निळसर.

ड्वाइटच्या ट्रकचा. माझ्या बाजूला.
आमच्या दोन घरांत काँक्रीट एकच,
मधोमध एक सांधा, बोट जाईल एवढा.
चार वर्षांपूर्वी मी म्हणाले, तुझा ट्रक गळतोय.
तो म्हणाला, गळत नाही, त्याला घाम येतो.
ते आमचं शेवटचं बोलणं.
पुढे ट्रक विकला गेला.
घाम राहिला.

सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
उलटी, च्युइंगगम, सांडलेलं द्राक्षाचं सरबत,
कशावर काय चालतं ते मला विचारा.
पण बसची जमीन रबराची, ती मनात काही ठेवत नाही.
काँक्रीट ठेवतं.
दिसायला दगड, आतून पाव.

हार्डवेअरच्या दुकानातली पोरगी,
छातीवर नावाची पट्टी, मारिबेल,
म्हणाली, आधी मांजराची वाळू.
साधी मातीची घ्या, वासाची नको.
डागावर पसरा, टाचेने रगडा, रात्रभर राहू द्या.
मग भांड्यांचा साबण, गरम पाणी, ताठ ब्रश.
तारेचा ब्रश नको हं, तारा तुटून आत रुततात,
गंजतात, आणि काळं घालवायला गेलात
तर तांबडं घेऊन बसाल.

मला मांजर नाही.
दहा पौंडांची पिशवी काखेत मारून आले
आणि संध्याकाळी, कुणी बघत नाही असं बघून,
रगडत सुटले. टाचेला
चेक हॉलमधला पोल्का आठवला.
गुडघ्याला नाही आठवला.

सकाळी कॉफी घेऊन खिडकीशी येते तो
ड्वाइटचा बोका, हेरिंग त्याचं नाव,
डागाच्या बरोबर मधोमध,
पाठ ताठ, नजर पार क्षितिजावर,
साऱ्या परगण्याने वर्गणी काढून
त्याच्यासाठीच बांधल्यासारखा.

मी धावत बाहेर. समोरून ड्वाइट,
सपाता, झग्याचा पट्टा लोंबतोय, हातात छोटं फावडं.
खाली वाकला, उचललं, सरळ झाला,
त्यात बराच वेळ गेला. मग फावड्याकडेच बघत म्हणाला,
त्याला वाटलं, तू त्याच्यासाठी घातलीस.

मी म्हणाले, त्याला सांग,
लोरेटा घाम पुसतेय.

तो आत गेला. दार आपटलं नाही.

वाळू झाडली, ती काळी झाली होती, म्हणजे काहीतरी प्यायली होती.
मग साबण, पाणी, ब्रश, पुन्हा साबण.
तीन बादल्यांनंतर डाग बराचसा गेला
आणि त्या जागी उमटला एक पांढरा शुभ्र गोल.
आता तोच डाग दिसू लागला.
हात दाखवून अवलक्षण.
बाकीचं काँक्रीट इतकं मळलेलं आहे
हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून गोलाच्या बाहेर, मग त्याच्याही बाहेर,
गॅरेजच्या दारापर्यंत, टपालपेटीपर्यंत,
दुपार झाली, बोटांची सालं निघाली,
घासत घासत सांध्याशी आले
आणि थांबले.
अलीकडे मी घासलेलं, पलीकडे त्याचं,
नकाशावरच्या दोन देशांसारखं.
पाणी मात्र सरळ ओलांडून गेलं,
त्याच्या बाजूला फेसाची एक जीभ.

गॅरेज उघडल्याचा आवाज आला.
ड्वाइट, एक बादली, एक ब्रश.
काही न बोलता तो गुडघ्यांवर बसला,
आधी एक, मग हाताचा आधार घेऊन दुसरा.

भिजलं की तो गोल अजून दिसतो, थोडासा.
सुकलं की नाही.

पण त्या दुपारी मी एवढंच पाहिलं, त्याच्या हातात काय आहे ते,
आणि ओरडले,
तारेचा नको!