दोघांपुरतं

पहिल्या डब्यात दोघांपुरतंच भय असतं,
हे दुकानदाराने पैसे घेतल्यावर सांगितलं.
तिसऱ्याला घ्यायचं तर दुसरा डबा.
मग पुरवण्या. दलदलीची, बुडालेल्या गावाची,
आणि एक नुसत्या कुजबुजीची,
तिचीही किंमत नव्याण्णववर संपणारी.

ऐरोलीत, सेक्टर आठला, जेवणं उरकली की
मेणकापड पुसून आम्ही पत्ते मांडतो.
ऋजुता पोलीस, मी दारुडा प्राध्यापक.
तिचे अप्पा, तीस वर्षं रबाळ्याच्या रसायन कारखान्यात,
चष्मा कपाळावर ढकलून विचारतात,
"म्हणजे यात एकमेकांना हरवायचंच नाही?"
नाही अप्पा. वाचलो तर सगळे,
मेलो तर सगळेच.
"मग आमची युनियन बरी होती," म्हणतात,
आणि पत्ते पुन्हा पिसतात.

काल त्यांनी शेवटचा कंदील ऋजुताला देऊन टाकला
आणि दोन फेऱ्या अंधारात एकटे उभे राहिले.
"अप्पा, तुम्ही मराल."
"रात्रपाळीची सवय आहे गं."
हरलोच. पत्ते आवरताना कुणी बोललं नाही.

आज ते वाशीला जाऊन आले, कुणाला न सांगता.
पिशवीत कोथिंबिरीखाली नवा डबा,
किमतीची चिठ्ठी
नखाने खरवडलेली.