मापवही

कॅमेरा मावेना, तेव्हा माझं मशीन
त्यांनी ओट्यावर काढून ठेवलं,
आणि ती मुलगी म्हणाली, आजोबा,
आम्ही इथे नाहीच असं समजून काम करा.
मशीन बाहेर, मी आत. कसलं काम करू?
मग मापवही काढली.

बस्त्याव रुमाव डिसोजा, बंदर रोड, वेंगुर्ले.
छाती तेहतीस. कंबर सव्वीस.
पँट गुडघ्यावर चौदा, खाली अठ्ठावीस.
हे तेव्हा दोनदा मोजलं होतं,
वाटलं, घागऱ्याचा आकडा चुकून इथे पडला.
कापड त्याने मुंबईहून आणलेलं, चांदीचं,
सुईचं न ऐकणारं.
दशावताराच्या राजांचे अंगरखे मीच शिवायचो,
हिरण्यकश्यपूच्या छातीवरून उरलेल्या
अडीचशे टिकल्या त्याच्या खांद्यांवर गेल्या.
त्याची आई दारातून म्हणाली,
फेस्ताक घालतलो मां?
तो म्हणाला, व्हय.

नाव काय लावायचा?
सिल्व्हर बॅस्टी.
मुंबईच्या एका हॉटेलात दोन हंगाम. एक तबकडी,
दोन्ही बाजू मिळून सात मिनिटं.
पाचशे काढल्या. चारशे बारा
एसटीच्या टपावरून परत आल्या,
त्याच्याआधी दोन दिवस.
हमालाने विचारलं, ताटां काय रे?
पुढे त्या रुमावच्या काजूच्या बागेत
दोऱ्यांना टांगलेल्या फिरायच्या, माकडांसाठी.
माकडं आठवडाभर घाबरली.

तो कुठे चुकला, हे तिला हवंय.
तीनदा विचारलं, वेगवेगळ्या बाजूंनी,
झिजलेली कॉलर उलटून बघावी तसं.
मला काय ठाऊक? मी त्याला गाताना ऐकलंच नाही.
बघितलं ते एकदाच, ट्रायलला, या आरशासमोर.
चार इंच टाचांचे बूट घालून
त्याने हात वर केला, एकदम, कुणाला तरी दाखवावा तसा,
आणि तो पंख्याला लागला.
बोटातून रक्त. आम्ही दोघं हसत होतो.
मी अस्तराची चिंधी बांधली.
हे त्यांनी मला दोनदा बोलायला लावलं,
दुसऱ्यांदा जरा हळू.

तरुण बॅस्टी म्हणून पुण्याचा एक मुलगा आणलाय.
त्याच्यासाठी तसाच पोशाख शिवायचा.
माप घेतलं: छाती बेचाळीस.
मुलगा चांगला आहे, वाकून नमस्कार करतो.
खरा बॅस्टी चाळीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात
लाद्यांचा हिशेब लिहीत होता.
उद्या जेट्टीवर त्याला समुद्राकडे बघायला लावणार आहेत.
तो म्हणाला, बघतंय. रोज बघतंयच.

रात्री नऊला, सगळे लॉजवर जेवायला गेल्यावर
तो आला. हातात रेशनची पिशवी.
आईच्या ट्रंकेतून काढलेलं, डांबरगोळ्यांचा वास,
बाहेरून काळवंडलेलं, टिकल्या निम्म्या.
वायच उसव मरे, म्हणाला,
माका होता काय बघूया.

मशीन ओट्यावरून आत घेतलं. दिवा खाली ओढला.
शिवताना दोन्ही बाजूंना
दोन-दोन बोटं माया सोडली होती मी.
सगळ्यांनाच सोडायचो तेव्हा,
पोरं मुंबईहून अंगाने भरून येतात.
ब्लेडने टाका टाका उसवत गेलो,
आणि आत घडीत
चांदी तशीच होती,
पन्नास वर्षांत उजेड न लागलेली.
त्याने बोट फिरवलं तिच्यावरून. बोलला नाही.
मीही नाही. बाहेर मासळीचा टेम्पो गेला.

कंबर तरी चार बोटं कमी पडली.
पिना लावल्या.
बूट नव्हते, तर त्याला माझ्या स्टुलावर उभं केलं,
एक हात माझ्या डोक्यावर टेकवून तो सरळ झाला,
आरशात बघितलं, बराच वेळ,
आणि मग म्हणाला,
पंखो बंद कर.